सतराव्या प्रकरणापर्यंत

१

मोनिकाचं वाचक मंडळाच्या ग्रुपवर तीनदा विचारून झालं, की मॅडम, शहरी अद्भुत कादंबऱ्यांची तुमची यादी कधी टाकताय? यादी काल टाकली. आठ पुस्तकं आहेत, ती बिनधास्त घ्या. त्यातल्या एकीत सिटी बसचा कंडक्टर धरणाखाली गेलेल्या गावाचं तिकीट फाडतो. दुसरीत रिक्षा युनियनच्या निवडणुकीला एक जिन उभा राहतो आणि डिपॉझिट घालवून बसतो. हसून हसून पुरेवाट झाली माझी. नवव्या पुस्तकाचं नाव मात्र मी दिलेलं नाही आणि देणारही नाही. का, ते सांगायला हा मजकूर लिहिते आहे.

जे मंडळात नवे आहेत त्यांच्यासाठी थोडं आधीचं. आम्ही दर रविवारी सकाळी दहा वाजता समर्थनगरात जमतो. पूर्वी तिथं टायपिंगचा क्लास होता, अजून भिंतीवर बोटांचा तक्ता लटकतो आहे. भूत, चेटकीण, राजकन्या यांत आम्हाला रस नाही. शहर आजचं हवं, मोबाइल हवा, ट्रॅफिक हवा, आठवड्यानं येणारं पाणी हवं, आणि या सगळ्यात एकच गोष्ट अशी हवी, की जी तिथं असायला नको.

मंडळाचे नियम दोनच, आणि दोन्ही मीच केलेले. पस्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते, सवय जात नाही. पहिला नियम, पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कुणाला सुचवायचं नाही. दुसरा, सुचवायचं ते एकाच माणसाला, नाव घेऊन. "सगळ्यांनी वाचावं असं" हे वाक्य आमच्याकडं चालत नाही. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक कार्ड चिकटवलेलं असतं. त्यावर तारीख, सुचवणाऱ्याचं नाव, आणि पुढं "कुणासाठी" असा रकाना. कार्डावर नाव चढलं की पुस्तक त्या माणसाचं झालं. आमचं बघून गंगापूरच्या वाचक मंडळानंही हेच कार्ड उचललं होतं.

अकरा वर्षांत पहिला नियम मी एकदाच मोडला. ज्या मुलीसाठी मोडला तिचं नाव मेघा.

२

पुस्तक माझ्याकडं आलं मार्चच्या शेवटी. आप्पासाहेबांनी आणलं. आप्पासाहेब खुलताबादचे, सीताफळांची बाग, सत्तरी ओलांडलेली. दर रविवारी एसटीनं येतात आणि वाचनाचा दांडगा नाद. त्या दिवशी मात्र ते पुस्तकाबद्दल फारसं बोलले नाहीत. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे तुमच्यासाठीच." कार्डावर सही केली आणि चहा न घेताच निघाले. चहा न घेता निघालेले आप्पासाहेब मी पहिल्यांदाच पाहिले.

एकवीस प्रकरणांची लहानशी कादंबरी. एक बाई तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीपलीकडून तिला आवाज येतात. पलीकडं खोली नाही, गॅलरी नाही, नुसती हवा. आणि आवाज कसले, तर तिचे स्वतःचेच. तिनं काल लाटलेल्या पोळ्या, काल पाडलेलं झाकण, काल नवऱ्याशी घातलेला वाद. एक दिवस उशिरानं सगळं पलीकडं पुन्हा होतं. मग प्रकरणागणिक तो उशीर कमी होत जातो.

कल्पना मला फार आवडली. लिहिलंयही साधं, कुठं आरडाओरडा नाही. मी दुपारचं जेवण आटोपून, कूलर लावून, रोज एक प्रकरण वाचायला लागले. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. उस्मानपुऱ्यातला माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघराची एक भिंत बाहेरची आहे, पलीकडं कडुलिंबाचा शेंडा. पुस्तकातल्या बाईचं आणि माझं एवढं जुळलं म्हणून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा.

३

माझी एक खोड आहे. चहा ढवळला की चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटते. टण टण. मुलगा लहानपणी नक्कल करायचा.

अकरावं प्रकरण वाचत होते. मंगळवार, दुपारचे तीन. चहा मी दोन तासांपूर्वीच घेतला होता. कूलरच्या घरघरीत मला ऐकू आलं, टण टण.

शेजारच्या फ्लॅटमधला आवाज असेल. पण शेजारचा फ्लॅट दुसऱ्या बाजूला आहे. मग वरचा. वरती गच्ची आहे. मी उठून कूलर बंद केला आणि स्वयंपाकघरात भिंतीजवळ उभी राहिले. थोड्या वेळानं पलीकडून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. साखरेच्या डब्याचं. ते झाकण वाकडं आहे, दाबून बसवावं लागतं, आणि बसताना जरा करकरतं. तसंच करकरलं.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा अंगारे, गंडे, भूतखेत सगळं एकदम घराबाहेर काढलं. आम्हा भावंडांना ते अंधारात मुद्दाम विहिरीवर पाठवायचे आणि परत आलो की विचारायचे, कोण भेटलं? कुणी नाही. मग भ्यायचं कशाला? त्या माणसाची मी मुलगी. भिंतीला घाबरले असं मी कुणाला सांगणार?

म्हणून मी प्रयोग केला. वही घेतली, घड्याळ समोर ठेवलं. चौदा प्रकरणं झाली होती तेव्हा बरोबर अकरा वाजता भिंतीवर पळीनं तीन ठोके दिले. अकरा चाळीसला पलीकडून तीन ठोके आले. दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही, तर अंतर चाळीस मिनिटांवरच राहिलं. पंधरावं प्रकरण वाचलं, पंचवीसवर आलं. सोळावं, अकरा. सतरावं वाचलं आणि ठोके चार मिनिटांत परत आले. वहीत मी नीट नोंद केली.

त्या दिवशी शनिवार होता. दुसऱ्या दिवशी बैठकीला मी पुस्तक पिशवीत घालून गेले आणि कार्डावर लिहिलं. सुचवणारी, सुलेखा. कुणासाठी, मेघा.

४

मेघा गंगापूर तालुक्यातली. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी चार वर्षं इथं राहते. बेगमपुऱ्यात एका घराच्या गच्चीवर तिची खोली आहे. कॉलेजात असताना ती माझ्या लायब्ररीत सकाळी कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसलेली असायची. दोनदा मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकली. यंदा घरच्यांनी सांगितलंय, ही शेवटची खेप. मे महिन्यातल्या एका रविवारी तिचा पेपर होता.

"सतत तेच तेच वाचून डोकं शिणतं, जरा हलकं काहीतरी वाच," असं म्हणून मी तिला पुस्तक दिलं. "मस्त आहे, एकदा धरलं की सुटत नाही." हे दुसरं वाक्य तरी खरं होतं.

घरी आले. चहा केला, चमचा आपटला, आणि तासभर भिंतीजवळ स्टूल टाकून बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मी स्वतःला समजावलं, की पाइपमध्ये हवा असेल, उन्हानं भिंत तडकत असेल. त्या रात्री गाढ झोप लागली, आणि त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

मेघा पुढच्या दोन्ही रविवारी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी घरी आली. डोळ्यांखाली काळं, ओढणी उलटी घेतलेली. पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही हसणार नाय ना?"

"विचार."

"मी मोठ्यानं पाठ करते, तुम्हाला ठाव हाय. गोदावरीच्या उपनद्या पाठ करायले. प्रवरा, शिवना, सिंदफणा, पूर्णा, मांजरा. तर भिंतीतनं मागून कुणीतरी तेच म्हणतंय. माझ्याच आवाजात. आधी दुसऱ्या दिवशी यायचा. आता मी मांजरा म्हणेपर्यंत तिकडं प्रवरा चालू होतंय."

मी तिच्या ग्लासात आणखी पाणी ओतलं.

"पुस्तक तुमच्याकडं असतानी असं काही व्हत होतं का?"

आता खरं बोलायची वेळ होती. मी म्हणाले, "अभ्यासाचा ताण आहे, मेघा. जागरणं कमी कर. आणि ते पुस्तक ठेवून दे बाजूला. दे दुसऱ्या कुणाला."

ती माझ्याकडं बघत राहिली. "पूर्ण झाल्याबिगर कसं देऊ? तुम्हीच शिकवलं ना. तीन प्रकरणं राहिलीत. संपवते अन् मग कार्डावर लिहिते."

ती गेल्यावर जिन्यातली तिची पावलं मी खालच्या फाटकापर्यंत ऐकली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलताबादची एसटी धरली. आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. मला फाटकात बघताच त्यांनी मान खाली घातली.

"पुस्तक पूर्ण वाचलं होतं का?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"ताई, आधी चहा तर घ्या."

"वाचलं होतं का?"

"नाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चौदा प्रकरणं झाली अन् बंद केलं. मी सकाळच्याला गोठ्यात जाऊन म्हशीला हाक मारतो. एक दिवस हाक मारून घरात आलो, धार काढायला बादली घेतली, तर गोठ्यामागून माझीच हाक आली. तिकडं नुसतं माळरान हाय. म्हटलं, कान वाजायले. पण ताई, म्हैस वळून बघायली तिकडं. म्हशीला कुठं पुस्तक वाचता येतं?"

माझा राग तोंडापर्यंत आला होता. "आणि मग तुम्ही ते मला दिलं?"

"म्हटलं, ताई लई शिकलेल्या. त्यांच्या घरात असलं काही मानीत नाहीत. त्यांना नाय व्हायचं काही." त्यांचे डोळे भरले. "चूक झाली. लई मोठी चूक झाली."

मी त्यांना काय बोलणार होते? ते निदान चूक झाली असं म्हणत होते. मी मेघाला जागरण कमी कर म्हणून सांगून आले होते.

मग त्यांनी कार्डाबद्दल सांगितलं. मी ते कधी नीट बघितलंच नव्हतं, ग्रंथपाल असून. आप्पासाहेबांच्या आधी सात-आठ नावं होती, सगळी गंगापूरच्या मंडळातली. प्रत्येकाकडं पुस्तक महिनाभरसुद्धा राहिलेलं नव्हतं. फक्त निशा नावाच्या बाईंपाशी साखळी तुटली होती. त्यांनी कुणाचंच नाव पुढं लिहिलं नव्हतं. खालच्या ओळीत त्यांचा भाऊ राजकुमार यानं लिहिलं होतं, "घर रिकामं करताना सापडलं," आणि पुढं आप्पासाहेबांचं नाव.

"मास्तर हाय तो, सरळ माणूस. त्यानं तर उघडून पण बघितलं नाय पुस्तक. बहिणीची आठवण म्हणून मला दिलं," आप्पासाहेब म्हणाले.

"निशाबाईंना काय झालं?"

"कुणाला ठाव. दाराला आतून कडी. तोडून आत गेले तर गॅसवर चहा आटून पातेलं काळं पडलेलं. पुस्तक शेवटच्या पानावर पालथं ठेवलेलं. बाई नाय."

"नाही म्हणजे?"

"नाय म्हंजी नाय, ताई. अजून नाय सापडली."

मी तिथूनच मेघाला फोन लावला. वाजत राहिला. परतीच्या गाडीत, दौलताबादचा घाट उतरताना आणखी चारदा लावला.

६

बेगमपुऱ्यात पोचले तेव्हा दीड वाजला होता. उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे, कठडा हाताला चटका देत होता. मी वर पोचले, दम लागला होता म्हणून दाराशी जरा थांबले.

आतून मेघाचा आवाज आला, "दार उघडंच हाय मॅडम, या."

जीव भांड्यात पडला. खिडकीतून बघितलं असेल मला. मी दारावर टकटक केली.

"दार उघडंच हाय मॅडम, या," मेघा आतून म्हणाली.

तोच सूर, तेच शब्द. पण हा आवाज दारामागून आला होता. पहिला खोलीच्या पलीकडच्या अंगानं आला होता, आणि तिकडं गच्ची संपते. खाली थेट खाम नदीचं पात्र आहे.

खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर नकाशे. मेघा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर तिच्या डोक्यामागं तेलाचा गोल डाग पडला होता. चार वर्षं ती तिथंच टेकून अभ्यास करत आली आहे. पुस्तक मांडीवर, बोट पानात.

"किती राहिलं?" मी विचारलं. पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी ते मला भिंतीतून ऐकू आले होते. माझ्या आवाजात.

"दोन पानं." मेघा अगदी शांत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आता ते पुढं गेलंय मॅडम. मी काय बोलणार ते आधीच बोलतंय. मी ठरवलंय. आज संपवते अन् कार्डावर कुणाचंच नाव लिहीत नाय. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात कशाला?"

निशाबाईंनीही हेच ठरवलं असणार. मी तिच्या हातातलं पुस्तक धरलं. ती सोडेना. मला काय बोलायचं आहे ते मला माहीत होतं, पण जीभ उचलत नव्हती. साठी ओलांडलेली बाई मी, माझ्यासमोर वडील उभे असल्यासारखी गप्प बसले होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मी बोलले.

"मी घाबरले होते, मेघा. म्हणून तुला दिलं."

आवाज माझाच, पण मी आयुष्यात कधी वापरला नसेल इतका लहान. मेघानं भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझे ओठ मिटलेले तिला दिसत होते.

नाकारता आलं असतं. भिंत काय वाटेल ते बोलेल, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं होतं.

"मी घाबरले होते, मेघा," मी म्हणाले. "म्हणून तुला दिलं. सतराव्या प्रकरणापर्यंतच वाचलं होतं. माझ्याकडंही आवाज यायचे. तुला दिल्यावर बंद झाले, आणि मला बरं वाटलं."

तिची बोटं सैल झाली. मी पुस्तक ओढून घेतलं, टेबलावरचं लाल पेन उचललं आणि कार्डावरची माझी शेवटची ओळ आडवी खोडली. खाली लिहिलं, "शिफारस रद्द. मी पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं." आणि सही केली.

"मग आता ते कुणाकडं?" मेघानं विचारलं.

या वेळी तो प्रश्न एकदाच ऐकू आला.

"माझ्याकडं. आप्पासाहेबांनी माझ्यासाठी दिलंय."

मग मेघा हळूच म्हणाली, "प्रवरा, शिवना, सिंदफणा." थांबली. खालून एका स्कूटरचा हॉर्न, कुठंतरी प्रेशर कुकर. भिंत गप्प. "पूर्णा," ती म्हणाली, आणि तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

निघताना खिडकी लावून घ्यावी म्हणून पुढं झाले. खिडकीचं एक तावदान बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडलेलं होतं आणि त्याच्या काचेत भिंतीची बाहेरची बाजू दिसत होती. उन्हात तापलेला नुसता गिलावा, धरायला गज नाही, उभं राहायला काठ नाही. आणि खाटेच्या उंचीवर, आत मेघाचं डोकं टेकतं बरोबर तिथं, बाहेरूनही तेलाचा गोल डाग होता.

काच हलली तसं मला त्या डागाशेजारी आणखी काहीतरी दिसलं. मी खिडकी ओढून कडी लावली. काय दिसलं ते मेघाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. साडी माझीच होती, एवढं मात्र खरं.

७

याला आता अकरा दिवस झाले.

माझ्याकडं ते पुन्हा सतराव्या प्रकरणापासून सुरू होईल, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. मेघानं जिथं सोडलं तिथून पुढं सुरू झालं. आधी पलीकडं होतं आणि मग माझ्याकडं. या वेळी पुस्तक न उघडताही अंतर वाढत गेलं. पहिल्या दिवशी श्वासाच्या अंतरानं, मग पाच मिनिटांच्या, आता दोन तासांच्या. पलीकडं बेल वाजते आणि दोन तासांनी माझ्या दारात कुरिअरवाला येतो. बुधवारी पाण्याचा दिवस होता. पलीकडं मोटर मध्येच बंद पडली, म्हणून मी आधीच बादल्या भरून ठेवल्या. बघा, माणूस कशाचीही सवय करून घेतं.

जाळून टाका म्हणाल. काडी ओढली होती मी. पण कार्डावर शेवटचं नाव मेघाचं आहे, खोडलेलं असलं तरी. पुस्तक जळालं तर त्याबरोबर ती लाल रेघही जाईल, आणि मग ते कुणाच्या नावावर उरेल हे मला ठाऊक नाही. म्हणून पुस्तकाला सुतळी बांधून चार गाठी मारल्या आणि टेबलावर समोरच ठेवलं आहे. दोन पानं राहिली आहेत. मला भीती वाटते, हे आता सरळ सांगते. भिंतीची वाटते तशी माझ्या बोटांचीही वाटते. शेवट न वाचलेलं पुस्तक घरात ठेवून मी आजवर राहिलेली नाही.

आज रविवार. मेघाचा पेपर आज होता. संध्याकाळी सहा वाजता फोन करून कसा गेला ते सांगते म्हणाली आहे. सकाळी तिचा आवाज चांगला होता, पोहे खाऊन निघाली होती. तिच्या खोलीत अकरा दिवसांत काहीही ऐकू आलेलं नाही.

चार वाजत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पलीकडं चहा ठेवल्याचा आवाज आला, आलं ठेचल्याचा आला. मग खुर्ची सरकली. सुतळी सुटल्याची खसफस आली. एक पान उलटलं. बराच वेळ शांत. मग दुसरं पान. मी चमच्याची वाट बघत होते. टण टण आलंच नाही. चहा उतू गेल्याचा फस्स असा आवाज आला आणि कुणी गॅस बंद करायला उठलं नाही. त्यानंतर फोन वाजला. मी मोजलं, नऊ वेळा वाजून थांबला.

त्यानंतर पलीकडं काहीच नाही. दोन तास होत आले, एक भांडंसुद्धा वाजलेलं नाही.

मंडळींनो, माझं घर कधी रिकामं करायची वेळ आली तर खाकी कव्हराचं पुस्तक उघडू नका, आणि त्याच्या कार्डावर कुणाचंही नाव लिहू नका. कितीही जीव लावलेलं माणूस असलं तरी. मोनिका, हे ग्रुपवर वर पिन करून ठेव. आप्पासाहेबांना सांगा, माझा राग गेला. आणि मेघा अभ्यासासाठी ग्रुपमधून बाहेर पडली आहे, तिला काही सांगू नका, तिचा निकाल लागेपर्यंत तरी.

आज चहा करायचाच नाही असं मी ठरवलं होतं. लिहिण्याच्या नादात केव्हा उठले ते कळलं नाही, पण आलं उकळल्याचा वास येतो आहे. सुतळी टेबलावर आहे, गाठी सुटलेल्या. मी त्या सोडल्याचं मला आठवत नाही.

सहाला दोन मिनिटं कमी आहेत. फोन डाव्या हातात घट्ट धरला आहे. पहिल्याच रिंगला उचलायचा.